रविवार कोणाचा?

शनिवारची संध्याकाळ झाली की आमच्या वाड्यावस्त्यांतील घराघरांतून एक ठराविक संवाद कानी पडतो. घरच्या कर्त्या पुरुषाला नाटकाच्या तालमीला जायचे असते, किंवा गायनमंडळाच्या सरावाला. मुलांना कुठे तरी फिरायला जायचे असते. एखादा किल्ला, एखादी चौपाटी, निदान मामाचे घर. आणि घरच्या गृहिणीला वाटत असते की आठवड्यातून एक दिवस तरी सर्वांनी एकत्र बसून निवांतपणे चार घास खावेत. छंद, घर आणि प्रवास असे तीन दावेदार एकाच रविवारच्या दाराशी उभे असतात. दिवस मात्र एकच, आणि त्यातील सकाळ मिस्सेला दिलेली.

या तिघांचा मेळ कसा घालावा, याविषयी उपदेश करणारे पुष्कळ आहेत. आम्हांला मात्र त्याआधी वेगळाच प्रश्न पडतो. ज्या दिवसाच्या वाटणीवरून आपण भांडतो, तो दिवस आपल्याला मिळाला कोठून? वडिलोपार्जित जमिनीची वाटणी करण्यापूर्वी सातबारा पाहावा लागतो. रविवारचाही सातबारा एकदा पाहायला हवा.

आपण ख्रिस्ती माणसे. रविवार हा आपल्याला जन्मासोबतच मिळाल्यासारखा वाटतो. आमच्या आजोबांच्या वाडीत रविवारी रहाट थांबत असे. बैलाच्या मानेवर जू चढत नसे. पानवेलीला आणि केळीला द्यायचे पाणी शनिवारी अंधार पडेपर्यंत देऊन घेतले जाई. परंतु वाडीचा मालक जो स्वतः असतो, त्याने आपल्या श्रद्धेने रहाट थांबविणे वेगळे आणि दुसऱ्याच्या यंत्रावर राबणाऱ्याने ते यंत्र थांबविणे वेगळे. मुंबईतील लक्षावधी कष्टकऱ्यांना रविवार जन्माने मिळाला नाही. तो मागून, सह्या गोळा करून, सभा भरवून मिळवावा लागला.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची स्थापना केली आणि पुढील तीन दशकांत परळ, भायखळा, चिंचपोकळीचे आकाश धुराड्यांनी भरून गेले. सरकारी कचेऱ्यांना रविवारी सुट्टी होती, गिरणीला नव्हती. सूर्य उगवला की काम सुरू आणि मावळला की बंद, एवढाच हिशेब. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठे. सणावाराला सुट्टी मिळाली तरी यंत्रे पुसण्यासाठी निम्मा दिवस बोलावणे येई. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला, पण त्याने विचार केला तो मुलांचा. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास काम आणि महिन्यातून चार सुट्ट्या! मोठ्या माणसांच्या विश्रांतीविषयी हा कायदा मौन बाळगून होता.

हे मौन मोडणाऱ्या गृहस्थांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. १८४८ साली ठाण्यास जन्मलेले, जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक परंपरेतील, काही काळ गिरणीत नोकरी केलेले आणि १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्राचे संपादन करणारे असे हे लोखंडे. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातील मागण्या आज वाचताना मन हेलावते. रविवारी एक दिवस सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत आधार मिळावा. जेवायला अर्धा तास मागण्यासाठी निवेदन द्यावे लागले, यावरून त्या दिवसांची कल्पना यावी.

उत्तर मिळण्यास सहा वर्षे लागली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढील वर्षी, १८९१ साली, कारखाना कायद्यात सुधारणा होऊन आठवड्याच्या सुट्टीला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. स्त्रियांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची, तर मुलांच्या कामाला सात तासांची मर्यादा पडली. स्वतः लोखंडे मात्र फार काळ जगले नाहीत. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करीत असता त्यांना मृत्यू आला. २००५ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. परंतु रविवारी उशिरापर्यंत अंथरुणात लोळणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना त्यांचे नाव ठाऊक असेल?

येथे एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. ज्या १८९१ साली हिंदुस्थानात हा कायदा झाला, त्याच वर्षीच्या १५ मे रोजी पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोवारुम’ हे कामगारांच्या स्थितीविषयीचे परिपत्रक प्रसिद्ध केले. परळची सभा आणि रोमचे परिपत्रक यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरीही दोहोंना एकच गोष्ट दिसली होती : माणसाच्या शक्तीला मर्यादा आहे आणि विश्रांती ही मालकाने दिलेली बक्षिसी नव्हे. पोपमहाशयांनी पुढे जाऊन एक इशाराही दिला. विश्रांती म्हणजे आळस नव्हे आणि पैसे उधळण्याची संधी तर नव्हेच, असा त्याचा आशय होता. परिपत्रक युरोपातील कामगारांना उद्देशून लिहिले गेले असले, तरी आज आठवड्याअखेर महामार्गांवर लागणाऱ्या मोटारींच्या रांगा पाहिल्या की तो इशारा आपल्यासाठीच असावा असे वाटू लागते.

आपण मिस्सेचा दिवस म्हणून रविवारी हक्क सांगतो. गिरणीत आलेल्या देशावरच्या माणसाला तोच दिवस जेजुरीच्या खंडोबाचा वार म्हणून प्रिय होता. एका सत्यशोधकाने मागितलेल्या सुट्टीखाली दोघेही आजवर सुखाने बसले आहेत. सातबाऱ्यावरील ही नोंद आपण विसरू नये.

आता या सुट्टीत गिरणगावाने केले काय? कोकणातून आणि घाटावरून आलेल्या बहुतेक कामगारांची बायकामुले गावी असत. चाळीच्या एका खोलीत दहापंधरा पुरुष पाळीपाळीने झोपत. म्हणजे रविवारच्या तीन दावेदारांपैकी घर हा दावेदार मुंबईत हजरच नसे. प्रवास घडे तो वर्षातून एकदोनदा, शिमग्याला किंवा गणपतीला. राहता राहिला छंद. म्हणून गिरणगावाचा रविवार भजनाचा, ढोलकीचा, लेझमीचा आणि नाटकाचा झाला. १९११ साली ना. म. जोशी यांनी स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगने वाचनालये आणि रात्रशाळा चालविल्या. परळच्या दामोदर हॉलमध्ये कामगारांची नाटके रंगू लागली. दिवसा साच्यावर उभा राहणारा माणूस रात्री राजाचा मुकुट घालून रंगमंचावर उभा राहिला.

या मातीतून काय उगवले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. गिरणीत राबलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने रस्त्यावर सोडलेले एक अर्भक उचलून घरी नेले आणि त्याला आपले नाव दिले. ते अर्भक म्हणजे कवी नारायण सुर्वे. त्यांनीही गिरणीत काम केले, शाळेत शिपाई झाले, पुढे शिक्षक झाले. १९६२ साली त्यांचा पहिला कवितासंग्रह आला. यांपैकी कुणाला छंदासाठी वेगळा वेळ कुणी आखून दिला नव्हता. पोटाच्या कामातून उरलेला जो वेळ लोखंड्यांच्या पिढीने मिळवून ठेवला होता, त्यातच हे सारे घडत गेले.

प्रवासाची कथा निराळी आहे. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली आणि १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली. तेव्हापासून आपली वसई मुंबईला बांधली गेली. परंतु त्या गाडीतून आपली माणसे सहलीला गेली नाहीत. गेली ती भाजीच्या टोपल्या, फुलांचे हारे आणि दुधाच्या किटल्या घेऊन. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली नेरळ–माथेरानची छोटी गाडी सुरू झाली. १ जून १९३० रोजी दख्खनची राणी धावू लागली आणि आरंभीच्या काळात ती केवळ आठवड्याच्या अखेरीस पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना जाणाऱ्या श्रीमंतांसाठी होती. आठवड्याअखेरची सहल ही कल्पनाच मुळी साहेबाची आणि धनिकाची. सामान्य घरातील माणूस रविवारी प्रवासाला निघाला तर तो लग्नाला, सणाला किंवा आजारी नातेवाइकाला पाहायला. म्हणजे त्याचा प्रवास हा घरचाच एक भाग होता. प्रवास घरापासून वेगळा होऊन स्वतःचा दावा सांगू लागला, तो अगदी अलीकडे.

येथवर आम्ही जो इतिहास सांगितला तो पुरुषांचा झाला. आता त्याच सातबाऱ्याच्या मागील पानाकडे वळू.

२४ एप्रिल १८९० च्या त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या. रविवारची मागणी करणाऱ्यांत बाया होत्या. त्यांना सुट्टी मिळालीदेखील. पण ती गिरणीपुरती. घरी आल्यावर चूल होती, धुणे होते, मुले होती. गिरणीच्या भोंग्याला सुट्टी देता आली, चुलीला देता आली नाही. ज्या कामगारांच्या बायका गावी होत्या, त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका तर सुट्टीच्या दिवशीही राबत, कारण सुट्टी असली म्हणून माणसाची भूक सुट्टीवर जात नाही. या स्त्रिया सावकाराच्या कर्जात बुडालेल्या होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना बँकेच्या कर्जाचा मार्ग मोकळा करून दिला. गिरणगावाच्या कलेचा आणि चळवळीचा इतिहास लिहिताना या खानावळींचा उल्लेख आपण एखाद्या ओळीत उरकतो. वस्तुतः शाहिराच्या डफावर पडणारी थाप त्या भाकरीच्या बळावर पडत होती.

कृष्णाबाई सुर्वे यांनी आपल्या आत्मकथनाला ‘मास्तरांची सावली’ असे नाव दिले. कवीच्या संसाराची बाजू सांगणारे हे पुस्तक आहे. त्या नावातील प्रेम आम्हांला कळते. तरी सावलीला रविवार असतो का, हा प्रश्न ते नाव वाचल्यापासून आमचा पाठलाग करतो.

निर्गमाच्या पुस्तकात विश्रांतीच्या दिवसाची आज्ञा आहे. त्या आज्ञेत कोणी काम करू नये याची यादी दिली आहे. तू, तुझा पुत्र, तुझी कन्या, तुझा दास, तुझी दासी, तुझे गुरेढोर आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका, असा तिचा क्रम आहे. परक्याचीही आठवण ठेवणारी केवढी उदार आज्ञा! मात्र या यादीत पत्नीचे नाव वेगळे नाही. ‘तू’ या शब्दात ती आलीच, असे जाणते लोक सांगतात आणि ते खरेही असेल. पण आमच्या समाजाने तो शब्द तसा वाचला काय? आजोबांच्या वाडीत रविवारी बैल विसावत असे, हे आम्ही वर अभिमानाने लिहिले. आजी विसावत होती की नाही, ते आम्हांला आठवत नाही. आठवते ते एवढेच की रविवारचे जेवण नेहमीपेक्षा चांगले असे आणि ते करायला वेळही नेहमीपेक्षा जास्त लागे.

आजीचे उदाहरण देऊन थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आम्ही स्वतः अनेक वर्षे हौशी नाटकमंडळीत रमलो. नोकरी मुंबईत, त्यामुळे तालमी रविवारी. मिस्सा आटोपून निघायचे ते रात्री परतायचे. मध्ये एखादा रविवार मोकळा मिळाला तर मित्रांबरोबर किल्ल्याला. आपण कलेची सेवा करतो, वेळ वाया घालवीत नाही, याचे मोठे समाधान होते. एका रविवारी रात्री दहाच्या सुमारास घरी आलो. ताट झाकून ठेवलेले होते. पत्नी दुसऱ्या दिवशीची भाजी निवडीत बसली होती. स्पर्धेत आपल्या एकांकिकेचा पहिला क्रमांक आल्याचे आम्ही उत्साहाने सांगितले. तिने मान वर करून ‘बरं झालं’ म्हटले. आणि मग, ‘उद्या डबा किती वाजता देऊ?’ एवढेच विचारले. त्या स्वरात राग नव्हता, तक्रारही नव्हती. म्हणूनच तो प्रश्न मनात रुतून बसला. आमचा रविवार संपण्यापूर्वीच तिचा सोमवार सुरू झाला होता. किंबहुना तिच्या आठवड्यात रविवार नावाचा वार आलाच नव्हता.

लग्नापूर्वी ती गायनमंडळात गात असे. पुढे घर, मुले, सासूसासऱ्यांची आजारपणे यांत तिचे गाणे केव्हा थांबले, ते आम्हांला सांगता येत नाही. आमच्या नाटकांच्या तारखा मात्र आम्हांला तोंडपाठ आहेत. छंद आणि संसार यांचा समतोल आम्ही उत्तम साधला असे लोक म्हणत. तो साधला होता तिच्या रविवारांच्या खर्चाने.

सुट्टीचा आणखी एक चेहरा गिरणगावाने पाहिला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. पुष्कळांच्या आयुष्यात मग रोजच रविवार आला, पण त्या रविवारात ना भजन होते, ना सहल. ज्याला काम नाही, त्याला सुट्टीही नसते. त्याच्याजवळ केवळ रिकामा वेळ असतो आणि तो वेळ माणसाला खातो. मागील दाराने पुन्हा बायकाच पुढे आल्या. कुणी पोळ्या लाटल्या, कुणी धुणीभांडी केली. लोखंडे यांनी सुट्टीसोबत वेळेवर पगार आणि अपघातात आधार का मागितला होता, त्याचे मर्म त्या वर्षांत उमगले. विश्रांती ही भाकरीला जोडलेली असते; तिला एकटीला उभे राहता येत नाही.

त्यानंतर काळ पालटला. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना १९८५ साली पाच दिवसांचा आठवडा मिळाला, बँकांना २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार मिळाला आणि २९ फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्र शासनाच्या कचेऱ्याही शनिवार-रविवार बंद राहू लागल्या. ज्या समाजाला एक रविवार मिळविण्यासाठी सहा वर्षे झगडावे लागले, त्याच समाजातील अनेकांना आता दोन दिवस मिळतात. मग ओढाताण कमी व्हायला हवी होती. ती वाढली! कारण दिवस वाढले तसे दावेही वाढले. सहल ही आनंदाऐवजी शेजाऱ्याला दाखवायची वस्तू झाली. मुलांचे छंद हे शिकवणीचे वर्ग झाले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९८ साली रविवारविषयी लिहिलेल्या ‘दिएस दोमिनी’ या प्रेषितीय पत्रात नेमकी हीच भीती व्यक्त केली होती. रविवार हा केवळ आठवड्याचा शेवट होऊन बसला तर माणूस एका लहान क्षितिजात कोंडला जाईल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

मग या तीन दावेदारांचा मेळ बसतच नाही काय? बसतो. गो. नी. दांडेकरांचे घर आठवावे. हा लेखक जन्मभर गडकिल्ल्यांवर भटकला. पण त्यांचे भटकणे आणि लिहिणे घराबाहेर राहिले नाही. त्यांची कन्या वीणा देव, जावई विजय देव आणि पुढे नाती यांनी गोनीदांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन गावोगावी केले. तेथे छंद, कुटुंब आणि प्रवास असे तीन वेगळे हिशेब उरले नाहीत; एकाच गाडीत तिघे बसून गेले. अर्थात प्रत्येक घरात गोनीदा असत नाहीत. पण प्रत्येक घराला एवढे विचारता येते की, या छंदात आणखी कुणाला जागा आहे काय? आणि या सहलीच्या दिवशी स्वयंपाक कुणाकडे आहे?

हा दुसरा प्रश्न क्षुद्र वाटेल. आम्हांला तो फार मोठा वाटतो. १८८४ च्या निवेदनातील अर्ध्या तासाची मागणीही तेव्हाच्या मालकांना क्षुद्रच वाटली असेल. रविवारसाठीचा पहिला लढा गिरणीच्या दाराशी झाला आणि जिंकला गेला. दुसरा लढा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी व्हायचा राहिला आहे. तेथे सभा नको, सह्या नकोत. कारण तेथील मालक आपणच आहोत आणि सुट्टी मान्य करणारी संघटनाही आपणच आहोत.

आमच्या घरी आम्ही फार उशिरा ती मान्य केली. आता रविवारी सकाळी मासे साफ करण्याचे काम आमच्याकडे आहे. ते आम्हांला अद्याप नीट जमत नाही आणि त्यावरून घरात हसे होते. पत्नी पुन्हा गायनमंडळात जाऊ लागली आहे. आवाज पूर्वीसारखा वर चढत नाही, असे ती म्हणते. गेलेले रविवार तिला परत करणे आमच्या हाती नाही. येणारे मात्र आहेत. वाचकहो, येत्या शनिवारी संध्याकाळी आपल्या घरी तो ठराविक संवाद सुरू झाला, तर बेत ठरविण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि आजवर ज्या व्यक्तीला कुणी विचारलेच नाही, तिला प्रथम विचारावे.